कॅसेटमधला पोटखराबा

एकाच चालीवर सहा गाणी गायची, शब्द तेवढे बदलायचे आणि ऐकणाऱ्याला काही कळणार नाही असं समजायचं. हा मूर्खपणा मी भर तिशीत केला. नुसता केला नाही, त्याची कॅसेट काढली. कव्हरवर माझा फोटो. अलिबागच्या किनाऱ्यावर खडकावर बसलेय, मांडीवर उसनी सतार. सतार मी जन्मात वाजवली नव्हती. धरली होती तीही उलटी, हे मला कव्हर छापून आल्यावर कोणीतरी सांगितलं. फोटोतली माझी ती स्वप्नाळू नजर भरतीचं पाणी चपलांपर्यंत आलं म्हणून लागलेली आहे.

ही कॅसेट मी मोठ्या तोऱ्यात ज्यांच्याकडे नेली, ते आमचे शेजारी मोजणीदार. सरकारी क्वार्टरमध्ये आमची भिंतीला भिंत. ते जमीन मोजायच्या खात्यात, मी शाळेत बाई. दिवसभर लोकांची शेतं मोजून आले की संध्याकाळी ते गाणाऱ्यांना मोजायला घेत. चहा झाला की मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायचं, दारातल्या ओट्यावर टेपरेकॉर्डरसमोर मांडी घालायची आणि कॅसेट पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकायची. मधलं एखादं गाणं कोणी पुढे ढकललं तर भडकत. "उभ्या पिकातून गाडी घालू नका!" सहज डोकावलेल्या पाहुण्यांची त्या ओट्यावर शेवटची एसटी चुकलेली आहे.

सातबाऱ्यावर एक शब्द असतो, पोटखराबा. शेतातला जो तुकडा लागवडीला येत नाही, खडक म्हणा, नाला म्हणा, तो पोटखराबा. मोजणीदारांचा प्रत्येक गायकाबद्दल एकच प्रश्न असे, "ह्याच्यात पोटखराबा किती?" एक गाणं चांगलं निघालं म्हणून ते कोणाला मोठं मानत नसत. माणसाच्या सगळ्या कॅसेटी एका रांगेत लावायच्या आणि बघायचं, हात कुठे स्थिर राहिला, कुठे सुटला.

मोठमोठी माणसं त्या ओट्यावर आडवी झाली. एका गझलवाल्याबद्दल, नाव सांगत नाही, ते म्हणाले, "पहिल्या चार बागायत. मग शाल आली अंगावर, आणि गाणं गेलं." एक भजनवाले दर सणाला नवी कॅसेट काढत, त्यांच्याबद्दल म्हणाले, "एवढी जमीन आहे कुठे ह्या माणसाकडे? समुद्रात भराव टाकतोय."

ह्यावर भांडायला समोरच्या खोलीतले कंडक्टर हजर असत. मुरुडकडचे, मोकळे गृहस्थ. त्यांचं म्हणणं उलटं. "एक गाणं हाय ना झकास? मंग झालं. माझ्या गाडीत एक खिडकी बरी असली तरी माणूस रेवदंड्यापर्यंत खूश असतो."

"आणि बाकीच्या सीटवरचे?"

"ते झोपतात."

"झोपलेला श्रोता हा गायकाचा पराभव आहे, कंडक्टर!"

असा वाद तासन्‌तास चाले. एकालाही सा लावता येत नव्हता. मोजणीदार गुणगुणायला लागले की वहिनी, म्हणजे त्यांची बायको, उठून आत जात. दुसऱ्यांच्या हद्दी बोटभर इकडेतिकडे होऊ न देणाऱ्या ह्या माणसाचा स्वतःच्या दिवेआगरच्या वाडीचा बांध सख्ख्या भावाशी आयुष्यभर भांडणात होता, हेही सांगून टाकते.

तर माझी गोष्ट. मी भीमगीतं गायचे. विहारात आम्ही बायका वर्षभर बसलो, घासून घासून आठ गाणी केली आणि पहिली कॅसेट निघाली. ती जयंतीला गावोगाव वाजली. मोजणीदारांनी ती ऐकली, घड्याळ पुन्हा मनगटावर चढवलं आणि म्हणाले, "बागायत." मला आठवडाभर जेवण गेलं नाही. मग मी बाईची गायिका झाले. रिक्षात बसले तरी पदर सावरून, कोणी ओळखेल म्हणून. कोणी ओळखत नसे, तर मी मोठ्याने खोकायचे. दुसरी कॅसेट अशीच तोऱ्यात झाली. ती त्यांनी जिरायत ठरवली. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग मुंबईहून कॅसेटवाला आला. "जयंतीच्या आधी माल पाहिजे, बाई." मी लगेच हो म्हणाले. बायकांना बोलावलंच नाही, त्या वेळ खातात म्हणून. एका दुपारी जाऊन सगळं गाऊन आले.

ओट्यावर ती लागली. पहिल्या गाण्याला कंडक्टरांनी ठेका धरला. दुसऱ्यालाही धरला. तिसऱ्याला त्यांचा हात थांबला.

"बाई, हे मघाशी झालं ना?"

"शब्द वेगळे आहेत," मी म्हणाले.

मोजणीदार शेवटपर्यंत बसले. शिस्तीत, घड्याळ बाजूला ठेवून. मग म्हणाले, "सगळा पोटखराबा."

मी ताडकन उठले. "तुम्ही जमिनी मोजा! गाण्यातलं काय कळतं तुम्हाला?"

"जमीनच मोजतोय, बाई. तुमची चांगली काळी जमीन आहे. पडीक टाकलीत."

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. ते क्वार्टर सोडून निघाले तेव्हा मी खिडकीचा पडदा ओढून आत उभी होते, आणि पडद्याच्या फटीतून बघत होते. ट्रकवर टेपरेकॉर्डर चादरीत गुंडाळून स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले होते. मला आवाज द्यायला काय झालं होतं त्यांना? असं मला वाटलं. त्यांनाही तेच वाटलं असणार. गाणंही मी त्याच रागात सोडलं. सोडलं कसलं, फुगून बसले.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मात्र खाज सुटली. विहारात जाऊन जुन्या बायकांची माफी मागितली. त्यांनी मला आधी भरपूर ऐकवलं, मग चटया टाकल्या. प्रत्येक गाण्याला वेगळी चाल. न जमलेली गाणी टाकून दिली, आवडती होती तरी. मनात एकच, ह्या चौथीला त्या माणसाने बागायत म्हटलं पाहिजे. कॅसेटी तोवर जगातून गेल्या होत्या, म्हणून सगळं पेनड्राइव्हमध्ये भरून घेतलं आणि एसटीने दिवेआगरला गेले.

वादळात त्यांच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या होत्या, त्या जागी लावलेली रोपं अजून गुडघ्याएवढी. ते वाळून काटकी झालेले. मला बघून त्यांनीच आधी हात जोडले. "जय भीम, बाई. या, बसा." मधली सगळी वर्षं एवढ्यात मिटली. मी पेनड्राइव्ह हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"ह्याला शेवट कुठे आहे?"

"ऐकलंत की कळेल."

"ऐकतो. पण मोजणीला घाई करणार नाही हं."

फोन येईना. महिना गेला, पावसाळा गेला. मी फोन केला की वहिनी म्हणत, आत्ताच पडलेत. मी काय ते समजले. नापास झालेल्या पोरीसारखी गप्प बसले. ह्या वयात, बघा.

मग कंडक्टरांचा फोन आला. मोजणीदार गेले.

मी दिवेआगरला गेले. वहिनींजवळ बसले, हात हातात घेतला. दुखण्याचं विचारलं, मुलीचं विचारलं, पोफळींचंही विचारलं. चहा येईपर्यंत तोंड आवरलं. पुढे नाही आवरलं. कपबशी खाली ठेवली आणि त्या दुखवट्याच्या घरात मी विचारलं, "वहिनी, त्यांनी माझं शेवटपर्यंत ऐकलं होतं का हो?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "रोज दुपारी लावायला सांगायचे. एरवी दुखण्यानं डोळा लागायचा नाही, तुमचं दुसरं गाणं संपायच्या आत घोरायला लागायचे. उठले की म्हणायचे, मोजणी अर्धी राहिली, उद्या परत पहिल्यापासून. पुढची सगळी गाणी मीच ऐकलीत, रोज. चांगली आहेत हो, बाई. फक्त ते शेवटून दुसरं तेवढं काढून टाका."