टाळूवरचं तेल

याला कृपा म्हणायचं की माझ्या मूर्खपणावर कुणीतरी घातलेलं पांघरूण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जसं घडलं तसं सांगतो.

आमची आर्वी सात महिन्यांची असताना झोपेतून उठली की मान एकदम खाली टाकायची आणि दोन्ही हात वर उचलायची. लागोपाठ आठ-दहा वेळा. डोळखांबजवळच्या आमच्या गावात कुणी म्हणालं दचकते, कुणी म्हणालं दृष्ट लागली. शहापूरच्या डॉक्टरांनी मात्र मोबाइलवरचा व्हिडिओ पाहिला आणि त्यांचा चेहराच बदलला. औषध लवकर सुरू झालं नाही तर पोरीची वाढ खुंटू शकते, म्हणाले. पण आधी ईईजी हवी, म्हणजे डोक्याला वायरी चिकटवून मेंदूचा आलेख काढायचा. मशीन घेऊन एक बाई त्यांच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदाच येत आणि दुपारी निघून जात. मूल तिथे झोपायला हवं म्हणून त्याला पहाटेपासून जागं ठेवायचं होतं. आणि डोक्याला तेलाचा थेंबही नको होता, नाहीतर वायरी चिकटत नाहीत.

आमच्या घरात देवधर्म आई बघते. मी हायवेवरच्या गोदामात नोकरी करतो आणि तिच्या नवसांची थट्टा करतो. तरी तपासणीच्या दिवशी उजाडताना गाडी पुसायला म्हणून बाहेर पडलो आणि गावदेवीच्या देवळात जाऊन उभा राहिलो. का, ते विचारू नका. हात जोडायचंही सुचलं नाही. समईत खुरासणीचं तेल होतं, त्यात तळहात भिजवला, घरी आलो आणि बायको पिशवी भरत होती तेवढ्यात ते आर्वीच्या टाळूवर चोळून वर टोपडं बांधलं. डॉक्टरांची सूचना मला तोंडपाठ होती. तरीही लावलं. इतका घाबरलेलो होतो.

तपासणीच्या खोलीत बाईंनी टोपडं सोडलं, केसांत बोट फिरवलं आणि हात मागे घेतला. "तेल कोणी लावलं?"

"आमच्या आईंनीच," बायको म्हणाली. "रोज सांगून सांगून दमले मी."

आई घरी देवापुढे बसलेली होती आणि मी तिच्यावर आळ येऊ दिला. या हकिगतीतली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट हीच आहे.

तासाभरात धुऊन, सुकवून आणा, नाहीतर पुढच्या आठवड्यात या, असं बाईंनी सांगितलं. मागच्या अंगणातल्या नळावर आम्ही पुडीतला शॅम्पू लावला. पाणी गार, पोर किंचाळतेय, हातातून निसटतेय आणि तेल जिथल्या तिथे. बायको रडायला लागली. सात दिवस आणखी झटके बघत बसायचं, तेही माझ्या हाताने ओढवून घेतलेले, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

"आसं ओढाताण करून पोर धुतात का रे? इकडं आण तिला." वैशाखरे गावची एक म्हातारी गुडघे दाखवायला आली होती. तीच कण्हत कण्हत जमिनीवर बसली, पाय लांब केले आणि आर्वीला नडग्यांवर पालथं घेतलं. "भजीवाल्याकडून मूठभर डाळीचं पीठ आण, नि कोमट पाणी आण." भज्यांच्या गाडीवर पीठ मागताना त्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका, पण दिलं.

मी पाणी ओतत होतो. बायको पंचा आणायला आत गेली तेव्हा म्हातारीने बोटांचा वास घेतला. "दिव्याचं तेल हाय. कोणी लावलं?"

"मी."

"नि बोल लागला घरच्या म्हातारीला!" तपासणीच्या खोलीबाहेर बसून तिने आमचं सगळं ऐकलं होतं.

माझ्या तोंडून भलतंच निघालं. "देवीचं तेल धुतोय, पाप नाही ना लागायचं?"

"तू लावलंस तवाच देवीला पोचलं. आता हिकडं डागदराचं काम हाय, करू दे त्याला."

आतून तिच्या नावाचा पुकारा झाला. "नंबर गेला तर जाऊ दे," म्हणत ती आर्वीची पाठ थोपटत राहिली. रडून दमलेली, कोमट पाण्याने सैलावलेली पोर तिच्या पायांवरच झोपली. डोकं कोरडं करून वायरी लावल्या तरी उठली नाही. आलेख पूर्ण निघाला. बाहेर येईपर्यंत म्हातारी डॉक्टरांकडे आत गेली होती, आणि औषध आणायच्या धावपळीत तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

आलेखात भीती होती तेच निघालं. त्याच दिवशी औषध सुरू झालं. पुढचे काही आठवडे फार वाईट गेले, मग झटके थांबले. आर्वी आता बसते, ताट वाजवते. तेल लावलं नसतं तर ती इतकी गाढ झोपली असती का? आणि म्हातारी नसती तर? माझा गोंधळ सुटत नाही. पुढे पुढे मी तो सोडवायचाच सोडून दिला आणि रोज हात जोडायला लागलो.

त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. घरी येऊन मी बायकोसमोर आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "सकाळी मी तेलाची वाटी घेतली होती रे हातात. डॉक्टर नको बोलले म्हणून ठेवून दिली. देवीला बोलले, आज तू बघ, माझे हात बांधलेत."

जिची श्रद्धा होती तिने हात आवरला होता. ज्याची नव्हती त्याने समईत हात घातला होता.

आईने फळीवरची तेलाची वाटी काढून माझ्यापुढे ठेवली. "आता लाव. आता कोणी नाय म्हणत नाय."

मी बायकोकडे पाहिलं. तिने आर्वीला मांडीवर घेतलं आणि टोपड्याची गाठ सोडली.