डावीकडे फिरलेली कवडूबाई

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. ही गोष्ट कुणालाही कागदोपत्री पडताळून पाहता येते. त्या दिवशी कोहमाऱ्याजवळच्या एका गावात गीताबाई उन्हाळी धान कापत होती, आणि बातमी ऐकून ती म्हणाली, “मी जागची हालली नाही, अन् जिल्हा बदलला. हे त लय सोपं काम हाय.” ही दुसरी गोष्ट मात्र पडताळता येत नाही. ती सांगणारे सगळे तिच्याच घरचे.

हा भेद हर्षाचा. हर्षा म्हणजे गीताबाईची नात. झाडीपट्टीतल्या जुन्या दंडारींच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून त्यांचा संग्रह उभारण्याचे काम ती गोंदियाला राहून करत असे. दंडार म्हणजे दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत होणारा नाचगाण्याचा खेळ. त्यात बायांची सोंगेही पुरुषच घेत. एकमेकांशी संबंध नसलेले दोन साक्षीदार मिळाल्याशिवाय हर्षा कोणतेही विधान खरे म्हणून नोंदवत नसे. या शिस्तीचा तिला अभिमान होता.

तिची आजी मात्र शिस्तीत मावणारी बाई नव्हती. कोहमाऱ्याच्या नाक्यावर थांबणारे ट्रक पुढे जातात तरी कुठे, हे पाहण्यासाठी ती एकदा ओळखीच्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून थेट रायपूरला गेली. नवऱ्याने गाव पालथे घातले, रागाने जेवण सोडले. बाईसाहेब परतल्या त्या ॲल्युमिनियमची नवी किटली घेऊन, आणि नवऱ्याला म्हणाल्या की पाहून आली, रस्ता काही तिथे संपत नाही. ती डेबरी, म्हणजे डावखुरी होती. तिच्यासाठी लोहाराने उलट्या दात्यांचा विळा घडवला होता. कापणीच्या ओळीत ती नेहमी डाव्या टोकाला बसे, कारण मध्ये बसली की शेजारणीच्या हाताला हात लागे. “डेबरीच्या बाजूला बसाल त बोटं मोजून घ्या,” असे बाया म्हणत.

एका दुपारी लाखोरीची भाजी खुडता खुडता गीताबाईने नातीला एक गोष्ट सांगितली. तेव्हा तिचे लग्न व्हायचे होते. वडील दंडारीचे म्होरके आणि पाठचा भाऊ कवडू पहिल्यांदाच बाईचे सोंग घेणार होता. मंडई शेजारच्या गावात. वडील दंडारीच्या मंडळींसह सकाळीच पुढे गेलेले. मागून निघायचे तर कवडू तापाने फणफणला. पोरगा आला नाही तर वडिलांची चारचौघांत शोभा होणार, म्हणून तो रडू लागला. गीताने आईचे लुगडे नेसले, तोंडाला पांढरा रंग फासला, पदर पुढे ओढला आणि बांधाबांधाने चालत भरदुपारी मंडई गाठली. उशीर झाला म्हणून वडील खेकसले. तिने घशाकडे बोट दाखवून आवाज बसल्याची खूण केली आणि सरळ रांगेत शिरली. दंडारीतली बाई म्हणजे गडीच, हे सगळ्यांना पक्के ठाऊक. त्यामुळे खरी बाई समोर नाचत असून कुणालाही ती दिसली नाही. “पोट्टा हुबेहूब बाई दिसून राहिला,” म्हणून लोकांनी तोंडात बोटे घातली. त्या दिवसापासून तिच्या भावाला ‘कवडूबाई’ हे नाव पडले, आणि पुढे सारा जन्म त्याने ते मानाने मिरवले.

“लिहून ठेव,” गीताबाई म्हणाली. “पन कोनाले सांगू नोको. कवडूचं नाव हाय.”

हर्षाची अडचण इथेच होती. पडताळल्याशिवाय तिला लिहिता येत नव्हते, आणि विचारल्याशिवाय पडताळता येत नव्हते.

ती चोरखमाऱ्याच्या तलावाजवळच्या आजीच्या माहेरी गेली. कवडू आबाजी अंगणात खाटेवर बसले होते. मुलगा प्रफुल होता, सून होती. पाहुणी आली म्हणून शेजारचे चार म्हातारे येऊन टेकले होते. हर्षाने त्यांना जाऊ दिले नाही. उलट तिला वाटले, साक्षीदार आयतेच मिळाले. तिने रेकॉर्डर सुरू केला आणि विचारले की त्या पहिल्या मंडईत तुमच्या जागी आजी नाचली होती, हे खरे का.

आबाजींनी प्रफुलकडे पाहिले, मग म्हाताऱ्यांकडे. आपण कधी तापलोच नव्हतो, असे ते म्हणाले. दंडारीत कधी कोणी बाई नाचल्याचे म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हते. त्यातला एक हसून म्हणाला, “घ्या, कवडूबाई खरंच बाई निघाली.” सगळे हसले. ते हसू अंगणात राहिले नाही; आठवडाभरात पानठेल्यापर्यंत गेले.

हर्षाने नोंदीपुढे ‘अप्रमाणित’ असे लिहिले आणि आजीला प्रामाणिकपणे सांगितले की आबाजी नाही म्हणतात.

गीताबाईच्या हातातले सूप थांबले. “चार मानसांत इचारलं का?”

“हो.”

“मंग तो नाही म्हनला त नाहीच,” असे म्हणून ती पुन्हा पाखडू लागली. त्यानंतर नातीला तिने एकही गोष्ट सांगितली नाही. विचारले की म्हणायची, मले आता काही याद नाही.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला तिने पाट मांडला, ताट लावले. रस्ता उखडलेला असो की कापणी तोंडावर आलेली, कवडूने आजवर कधी भाऊबीज चुकवली नव्हती. प्रत्येक गाडीच्या आवाजाला गीताबाई ओट्यावर येऊन पाही. दिवस मावळला तेव्हा ती अंगणात उतरली आणि बीजेच्या कोरीला ओवाळू लागली. भाऊ नसलेली बाई चंद्राला ओवाळते. हर्षा निरांजनाला वारा लागू नये म्हणून शेजारी हाताचा आडोसा धरून उभी होती. आजी तिला काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते, असे हर्षाला पुढे फार वाटले. पुढच्या दिवाळीआधीच गीताबाई गेली. अंत्यविधीला कवडू आबाजी आले, मागे उभे राहिले आणि न जेवता परतले.

वर्षभराने हर्षा तिरोड्याला भैयाजी नावाच्या जुन्या ढोलकीवाल्याकडे बसली होती. दंडारीतला सगळ्यात चांगला नाचणारा कोण, एवढेच तिने विचारले. ते म्हणाले की कवडूबाई. पण एकच वर्ष, पहिलेच. रांग उजवीकडे फिरायची आणि हा पठ्ठ्या डावीकडे. रुमालही डाव्या हातात. आधी सगळे गडबडले, मग आपण त्याच्याच चालीवर ढोलकी नेली. “दुसऱ्या साली पाहतो त हा आपला उजवा झाला,” भैयाजी म्हणाले. “म्या म्हनलं, अबे, कायले सुधारला? सगडी मजाच गेली.”

हर्षाला उलट्या दात्यांचा विळा आठवला. दंडारीत बाई होती का, असे विचारले तर उत्तर नेहमी नाहीच येणार होते. ते ‘नाही’ हेच आजीच्या करामतीचे यश होते. त्या ‘नाही’लाच ती पुरावा समजली होती.

दुसऱ्याच दिवशी ती आबाजींकडे गेली. ते एकटेच होते. त्यांनी आधी तिच्या पिशवीकडे पाहिले. “मशीन चालू हाय का?”

तिने रेकॉर्डर आणलाच नव्हता. भैयाजींनी सांगितलेले तिने सांगितले. म्हातारा खाटेचे सूत चाचपू लागला.

“तिनं कधी इचारलं असतं, त हो म्हनलो असतो,” ते म्हणाले. “तिनं कधी इचारलंच नाही. तुनं इचारलं, अन् पोरासमोर इचारलं.” मग खाली पाहून म्हणाले, “भाऊबीजेले गेलो होतो मी. कोहमाऱ्यापावतर. मोटारीतून उतरलो, चहा पेलो. बहिनीले तोंड कसं दाखवू? तसाच वापस आलो.”

सगळे लिहू का, असे हर्षाने विचारले.

“लिही ना. पन तिले कोन सांगन?”

कोहमाऱ्याच्या त्या चहाला दुसरा साक्षीदार नाही. हर्षाने तो शोधला नाही. नोंदीतला ‘अप्रमाणित’ हा शब्द तिने खोडला, पण पानाखाली काही गोष्टी तशाच राहिल्या. गीता आपणहून गेली, असे ती सांगत असे. कवडूनेच तिला पाय धरून पाठवले, असे तो सांगतो. खरे कोणते ते कळलेले नाही. वडिलांनी मंडईत लेकीला ओळखले होते का, ते कळलेले नाही. आणि कोरीला ओवाळणाऱ्या गीताबाईने नातीला क्षमा केली होती का, हे सांगू शकेल असे आता कोणी नाही.