भोक पाडलेला झेंडा

बाबा नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत नेपरव्हिलला आले आणि आठवड्याभरात कंटाळले. आम्ही नवरा-बायको दिवसभर मीटिंगमध्ये, त्यांना गाडी चालवता येत नाही, आणि फुटपाथवर माणूस दिसलाच तर तो कुत्र्याशी बोलत असतो. मग शेजारच्या हंगेरियन आजींशी त्यांची गट्टी जमली. रोज दुपारी त्यांच्याकडे कॉफी. आजी त्यांना ‘प्रोफेसर’ म्हणायच्या.

मला हायसं वाटलं, पण धास्तीही होती. आमचे प्रोफेसर जन्मभराचे कम्युनिस्ट. आणि छप्पन साली हंगेरीत उठाव झाला, रशियन रणगाडे शहरात शिरले तेव्हा आजी लहानपणी आईचा हात धरून देश सोडून पळालेल्या.

“बाबा, तिथे पॉलिटिक्स काढायचं नाही हं,” मी बजावलं. “इथे तुम्हाला एवढा एकच फ्रेंड आहे.”

“मी काय लहान आहे?” ते म्हणाले. लहान असते तर ऐकलं तरी असतं.

जूनमधल्या एका दुपारी आजींनी बाबांना आणि मला बोलावलं. टेबलावर नवाकोरा झेंडा पसरलेला: लाल, पांढरा, हिरवा. शेजारी कात्री. भिंतीवर चष्मा आणि भरघोस मिशा असलेल्या माणसाचा फोटो होता. बाबा इतके दिवस त्यांना आजींचे वडील समजत होते.

“हे आमचे पंतप्रधान,” आजी म्हणाल्या. “यांनी शेतकऱ्यांवरची सक्ती कमी केली, तुरुंगातली माणसं सोडली. लोक उठले तेव्हा लोकांच्या बाजूनं उभे राहिले. म्हणून त्यांना फाशी दिली. दयेचा अर्ज केला नाही त्यांनी. नाव न लावता, पालथं पुरलं. तीस वर्षांनी बाहेर काढून सन्मानानं पुन्हा पुरलं. आणि आता त्यांचा पुतळाही पार्लमेंटजवळून हलवलाय!”

त्या उठावात लोकांनी झेंड्याच्या मधलं कम्युनिस्ट सरकारचं चिन्ह कापून टाकलं होतं. पंतप्रधानांच्या फाशीच्या दिवशी आजी दरवर्षी तसाच भोकाचा झेंडा पोर्चवर लावायच्या. जुना विरला होता, नवा कापायला आता त्यांची बोटं वळत नव्हती. त्यांनी कात्री बाबांपुढे सरकवली.

बाबा बघतच राहिले. आपल्या झेंड्यात जिथे चक्र असतं, नेमकं तिथे कापायचं होतं. मला वाटलं, झेंड्याला कात्री लावणं जिवावर आलं असेल.

“मला हे कापायचा हक्क नाही,” बाबा म्हणाले. “मी कम्युनिस्ट आहे. उठावाच्या वर्षी कॉलेजात असताना मी चौकात उभा राहून भाषण केलं होतं. यांना गद्दार म्हणालो. पुढे सगळं कळलं, तेव्हा मूग गिळून बसलो.”

मी डोळेच मिटले. झालं! आता उद्यापासून बाबा दुपारभर खिडकीशी.

आजींनी नजर बाबांवर रोखली. चेहरा कडक झाला होता. मग त्यांनी विचारलं, “आणि आता?”

“आता म्हणतो, मी चुकलो. पण लाल झेंडा नाही सोडला.”

“त्यांनीही नव्हता सोडला,” आजी फोटोकडे बघत म्हणाल्या. “त्यांच्याच पार्टीनं त्यांना मारलं, प्रोफेसर. कापा.”

त्यांनी एक टोक धरलं, मी दुसरं. बाबांनी फार सावकाश कापलं, तरी गोल वाकडातिकडाच आला. ते ओशाळले.

“तेव्हाही वाकडंच कापलं होतं,” आजी म्हणाल्या. “घाई होती.” आणि त्यांनी कॉफी ठेवली.

परत येताना आमच्या ड्राइव्हवेवर बाबा थांबले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला त्यांची इतकी माया आली की मी त्यांचा हात धरला.

“भाषण ऐकायला सगळा चौक होता गं,” ते म्हणाले. “आणि चुकलो म्हणायला ही एकटी सापडली.”