भालचंद्रांच्या वहीचे पहिले पान

माझा भाचा अभिराम पुराणिक याला ग्वाल्हेरच्या एका विद्यापीठाने शैक्षणिक कदाचाराच्या, म्हणजे गैरवर्तनाच्या, आरोपावरून काढून टाकले, त्याला या जुलैत अडीच वर्षे झाली. या काळात मी कुलगुरूंपासून आवक-जावक विभागापर्यंत अकरा अर्ज केले. दोन अर्जांची पोच मिळाली आणि एकाला उत्तर आले. त्या उत्तरात माझ्या परिचयाच्या नसलेल्या कुणा विद्यार्थिनीच्या वसतिगृहाविषयी सविस्तर खुलासा होता.

अभिराम अठ्ठावीस वर्षांचा आहे. उंच, किंचित वाकून चालणारा, आवाज न चढवणारा. महाराज बाड्याच्या चौकातून जाताना तो हमखास स्कूटर थांबवतो आणि शंभरदा वाचलेला शिलालेख पुन्हा वाचतो. मागून भोंगे वाजतात. त्याला ऐकू येत नाहीत. विद्यापीठातून निघाल्यावर तो जयेंद्रगंजात एका नोटरीच्या कार्यालयात शपथपत्रे टाइप करण्याच्या कामाला लागला. त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू बळवंत, इंदूरला असतात. हा विषय पुन्हा काढायचा नाही असे त्यांनी ठरवले आणि तो विषय, मुलासकट, माझ्या घरी राहिला.

आरोप समजून घ्यायचा तर आमच्या घरातली एक रीत सांगणे भाग आहे. आमचे घराणे दरबारी पुराणिकांचे. छापील पुस्तके दुर्मीळ होती तेव्हापासूनची ही शिस्त : पोथी उसनी आणायची, चातुर्मासात तिची नक्कल करायची, मूळ पोथी परत करायची, आणि आपल्या प्रतीच्या शेवटी नक्कल करणाऱ्याने स्वतःचे नाव, तिथी आणि ठिकाण घालायचे. मूळ ग्रंथ कुणाचा, हे नमूद करण्याची कुणाला गरज वाटत नसे, कारण ते सर्वांना ठाऊक असे. माझे वडील भालचंद्र, म्हणजे आमचे अण्णा, यांनी ही शिस्त निवृत्तीनंतरही सोडली नाही. फक्त पोथ्यांच्या जागी ग्रंथालयातली पुस्तके आली. त्यांच्या तीसेक वह्या आमच्याकडे आहेत. सर्व मराठीत, एक मात्र हिंदीत. शहराच्या लष्कर भागातल्या देवस्थानांना दरबारकडून मिळणाऱ्या नेमणुकांविषयीची, म्हणजे वार्षिक अनुदानांविषयीची, ती बासष्ट पानांची वही. शेवटी नाव, तिथी, ठिकाण.

ती वही हिंदीत का, असा प्रश्न आम्हाला तेव्हाच पडायला हवा होता. अण्णांनी ती इथल्या एखाद्या हिंदी नियतकालिकासाठी लिहिली असावी, असे मी गृहीत धरले. अभिरामने त्याहून कमी विचार केला. त्याचा पीएच.डी.चा विषय तोच होता. त्याने वहीतली चाळीस पाने प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात उतरवली आणि आजोबांचे नाव कुठेही दिले नाही.

"घरचंच आहे ना, आत्या," तो मला नंतर म्हणाला. "घरातल्या पाण्याची कुणी पावती देतं का?"

ते प्रकरण छपाईपूर्वी तपासले मी. शाळेत सव्वीस वर्षे संस्कृत शिकवल्याने माझी नजर अनुस्वारांवर होती. एकही चुकला नव्हता.

बाहेरच्या परीक्षकांना मात्र दुसरेच काही दिसले. एका दत्तमंदिराच्या नेमणुकीचे साल बारा वर्षांनी चुकले होते. ही चूक त्यांनी पूर्वी एकाच ठिकाणी पाहिली होती : पन्नास वर्षांपूर्वी तुकोजीराव साळवी नावाच्या संशोधकाने याच विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात. ग्रंथालयाच्या तळघरातून तो हिंदीतला टंकलिखित प्रबंध काढण्यात आला. चाळीसच्या चाळीस पाने शब्दशः जुळली. अण्णांनी साळवींची नक्कल केली होती, चुकीच्या सालासकट, आणि घरच्या रीतीप्रमाणे खाली आपले नाव घातले होते.

विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे अभिराम म्हणाला की ही पाने त्याच्या आजोबांची आहेत. समितीतले एक सदस्य हसले. "मतलब चोरी खानदानी है," असे ते म्हणाल्याचे अभिरामने मला सांगितले. हे सांगताना त्याला स्वतःलाच हसू आले. त्या गृहस्थांची स्वतःची पुस्तके कशी तयार होतात, हे मी माझ्या चौथ्या अर्जात लिहिले होते. पोच नाही.

नियमाप्रमाणे दोन वर्षांनी पुनःप्रवेशासाठी अर्ज करता येतो. अट एकच : शपथपत्र. त्याचा मजकूर विद्यापीठानेच पाठवला. 'मैंने जानबूझकर दूसरे के शोधकार्य को अपना बताया,' असा. ही सही केली की प्रवेश जवळजवळ नक्की. न केली तर पुन्हा अर्ज करता येत नाही, कारण संधी एकदाच.

रविवारी सकाळी अभिराम तो मजकूर घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला.

"आत्या, मला कळतच नाहीये. जानबूझकर म्हणजे काय? माहीत असून. पण मला काय माहीत होतं? साळवी माहीत नव्हते. आजोबांचं नाव टाकलं नाही, ते तर माहीत होतं. मग आधा जानबूझकर लिखूँ?"

"सही करून मोकळा हो," मी म्हणाले. "त्यांना सही हवी आहे, सत्य नाही."

"दोन वर्षं तू उलट लिहीत होतीस ना?"

संभाषण टाळण्यासाठी मी कपाटातून ती वही काढली. लाल रेक्झिनची बांधणी हाताला लागली आणि मला अचानक एक गोष्ट आठवली. अण्णांच्या निधनानंतर पुढच्या वर्षी सर्व वह्या मीच बाड्यामागच्या जिल्दवाल्याकडे बांधायला दिल्या होत्या. या वहीचे पहिले पान वाळवीने खाल्ले होते. त्याने विचारले होते, "पहला पन्ना रखूँ कि हटाऊँ?" मी म्हणाले होते, काढून टाका.

हे मी अभिरामला सांगितले. त्याने वही माझ्या हातातून घेतली आणि शिवणीत बोट फिरवले. तिथे कागदाची एक बारीक पट्टी उरली होती, कोरी.

"त्या पानावर काही होतं?"

"होतं. काहीतरी होतं. निदान शाई होती."

"साळवींचं नाव?"

"अण्णा इतके व्यवस्थित होते, पुस्तक दुसऱ्याचं तर त्यांनी नक्कीच—"

"तू वाचलं होतंस का?"

मला आठवेना. आजही आठवत नाही. कधी वाटते, जांभळ्या शाईत दोन ओळी होत्या आणि त्यांत 'प्रबंध' हा शब्द होता. लगेच वाटते, हा शब्द मी आता तिथे नेऊन ठेवते आहे. अण्णा चोर नव्हते असे मला म्हणायचे आहे, आणि त्यासाठी मला ते पान हवे आहे, आणि ते पान मीच फेकले आहे.

"तू लिही की नाव होतं," मी म्हणाले. "मी शपथेवर सांगेन. तू सुटशील, अण्णाही सुटतील."

अभिराम वही मिटून म्हणाला, "आत्या, मी रोज शपथपत्रं टाइप करतो. शेवटी असतंच, माझ्या माहितीप्रमाणे सर्व सत्य. ऊपर सब झूठ, नीचे सत्य. वकीलसाहेब म्हणतात, मजकूर वाचू नकोस, वेग कमी होतो. एक तरी मला वाचून टाइप करू दे."

त्याने विद्यापीठाचा मजकूर बाजूला ठेवला आणि स्वतःचा लिहिला. चाळीस पाने आजोबांच्या वहीतली आहेत. आजोबांचे नाव मी दिले नाही, ही माझी चूक. त्यांनी ती कुठून घेतली हे मी विचारले नाही, हीसुद्धा माझीच चूक. त्यांनी मूळ लेखकाचे नाव नोंदवले होते की नाही, हे आता कुणालाही सांगता येत नाही. 'जानबूझकर' हा शब्द त्यात नव्हता. मी त्याला मूर्ख म्हणाले. त्याने विचारले, अनुस्वार बरोबर आहेत का?

सहा आठवड्यांनी पत्र आले : पुनःप्रवेश मंजूर. तिसरे प्रकरण रद्द, मार्गदर्शक नवे, अभ्यासक्रम पहिल्यापासून. त्याचे शपथपत्र पटले म्हणून हा निर्णय झाला, की ते कुणी वाचलेच नाही म्हणून, याचा पत्रावरून काहीही बोध होत नाही. मी दोनदा चौकशी केली. पहिल्यांदा सांगण्यात आले की समितीने ते गांभीर्याने घेतले. दुसऱ्यांदा, की अशी समिती बसलीच नव्हती.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघे विद्यापीठातल्या प्रवेशाच्या खिडकीपाशी उभे होतो. अठ्ठावीस वर्षांच्या माणसासाठी पालकाची सही कशाला, असे मी विचारले. बाबू म्हणाला, "फॉर्म सबके लिए एक है, मैडम." फॉर्मवर एक ओळ छापलेली होती : 'अभिभावक को कदाचार की पूर्व जानकारी थी / नहीं थी। जो लागू न हो, काट दें।'

मी पेन उचलले आणि थांबले. ते पान मी वाचले असेल आणि त्यावर साळवींचे नाव असेल, तर ती पाने साळवींची आहेत हे मला सात-आठ वर्षे आधी ठाऊक होते, आणि तरी ते प्रकरण मी तपासून दिले. वाचले नसेल तर ठाऊक नव्हते. 'थी' खोडले तर ते पान मी वाचलेच नाही असे ठरते, आणि अण्णांची बाजू घेणारी माझी प्रत्येक ओळ खोटी पडते. 'नहीं थी' खोडले तर अभिरामचा प्रवेश जातो.

"मैडम, एक काटिए. चार बजे खिड़की बंद."

"मला सांगता येत नाही," मी म्हणाले. मागे रांगेत कुणीतरी सुस्कारा सोडला.

"आत्या," अभिराम हळूच म्हणाला, "जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिही."

"जागा नाही."

"बाजूला लिही."

मी दोन्ही शब्द तसेच ठेवले आणि समासात लिहिले : 'निश्चित स्मरण नहीं।' बाबूने ते वाचले, मान हलवली आणि फॉर्म घेऊन आतल्या खोलीत गेला. अभिराम भिंतीवरची सूचना वाचत राहिला. ती मागच्या वर्षीची होती. चारला पाच मिनिटे असताना बाबू परतला.

"साहब कह रहे हैं, चलेगा. नीचे नाम, तारीख, जगह डाल दीजिए."

ज्या मजकुरातला एकही छापील शब्द माझा नव्हता, त्याच्याखाली मी आपले नाव घातले, तारीख घातली, आणि ग्वाल्हेर असे लिहिले. अभिरामने पावती घेतली. बारावा अर्ज माझ्या पर्समध्ये तयार होता, कुलगुरूंच्या नावाने. तो द्यावा की नाही, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला की सोमवारी त्याचा पहिला तास आहे, विषय संशोधनातील नीतिमत्ता, आणि माझ्याकडे एखादी कोरी वही असेल तर हवी आहे.