गुंडप्पा कासाराचा नकार

मयताचे नाव गुंडप्पा, धंदा बांगड्या भरणे, मूळ राहणार मैंदर्गी, हल्ली मुक्काम सोलापूर. घटनेचा दिवस गेल्या वैशाखातील, नरसम्मा विणकरणीच्या मुलीच्या लग्नाचा आदला दिवस, वेळ दुपारची. ठिकाण सदर बाईंच्या मागाच्या घराचे अंगण. साक्षीदार खुद्द नवरी, जिचा एक हात हिरव्या चुड्याने भरून झाला होता व दुसरा रिकामा होता. शिवाय जेवणास जमलेली मंडळी. तक्रारीचा विषय एवढाच की, एका माणसाने अनेक वर्षे नम्रपणे ‘नको’ म्हटले आणि ते कोणी मानले नाही.

मी कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसणारा अर्जनवीस. शिक्षण मराठी चौथीपर्यंत. परंतु माझ्या हातचा अर्ज मोठमोठ्या साहेबांना दुसऱ्यांदा वाचण्याचे कारण पडत नाही, हे सर्वश्रुत आहे. त्या दिवशी एका वाटणीच्या अर्जाचा शेवट करीत असता गुंडप्पाचा धाकटा भाऊ मल्लप्पा अनवाणी धावत आला. “दादा गेला,” म्हणाला. मला वाटले, गावी गेला...

गुंडप्पा रोज दुपारी माझ्याशेजारी येऊन टेकत असे. बांगड्यांची माळ लिंबाच्या खालच्या फांदीला अडकवायची, फडके सोडायचे, ज्वारीची भाकरी, गूळ आणि कांदा खायचा, हा त्याचा नेम. शेंगांच्या मुलखात जन्मून त्याला शेंगदाणा वर्ज्य होता. लहानपणी शेतात भाजलेल्या शेंगा खाल्ल्या, तर अंगभर पित्ताचे चट्टे उठले, ओठ सुजले. आईने नजर लागली म्हणून मीठमिरच्या ओवाळल्या. पुढे जत्रेत चिक्की खाल्ली, तेव्हा तेच. मग कारण त्याचे त्यानेच ओळखले. पण सोलापुरात कोणत्या घरी दाण्याचे कूट नाही? भाजीत तेच, चटणीत तेच, उपवासाला तर विचारूच नये. त्यातून कासार म्हणजे मंगलकार्याचा माणूस. चुडा भरून तो उपाशी गेला, तर घरधनिणीला अपशकुन वाटे. एकदा मी त्याच्यासोबत एका घरी गेलो असता ती बाई पदर खोचून म्हणाली, “आमच्या हातचं चालत न्हाय, आमचं पैसं तेवढं चालतंय व्हय?” 

गुंडप्पाने दोन्ही हात जोडले. “अक्का, तुमचं सगळं चालतंय की. दाणा तेवढा चालत न्हाय. घसा आवळतो.” 

“सोलापुरात ऱ्हाऊन दाणा चालंना! लई नखरे हायेत कासाराचे.” 

जमलेल्या सगळ्या बायका हसल्या. तोही हसला. परंतु पुढल्या सणाला त्या घरी दुसरा कासार आला. असे होता होता, हा जातीच्या गर्वाने कोणाकडे जेवत नाही, असा त्याचा लौकिक पसरला. ज्याने सगळ्या जातींच्या लेकींचे हात आपल्या हातांत घेतले, त्याच्यावर हा आरोप!

तर त्या दुपारी नरसम्माने ताट पुढे केले. त्याने विचारले, “वांग्यात कूट हाय का?” ती म्हणाली, “न्हाय.” त्याने विश्वासाने दोन घास खाल्ले. टांग्यातून डॉक्टर येईपर्यंत श्वास थांबला होता.

मल्लप्पा मला म्हणाला, “इष घातलं म्हणून लिवा. आदी नुसतं पित्त उठायचं त्याला. पित्तानं कुणी मरतंय का?” मी दौतीचे झाकण उघडले नाही. त्याला त्याच डॉक्टरांकडे नेले. दारात नरसम्मा आधीच बसलेली होती. मल्लप्पाला पाहून ती उठून उभी राहिली. “भाऊ, मूठभरच घातलं होतं. त्याबगर चव येत न्हाय. एकदा खाल्लं की त्याची भीड मोडंल, असं वाटलं मला...”

डॉक्टरांनी तिघांनाही बाकावर बसवले. काही माणसांचे शरीर एखाद्या निरुपद्रवी पदार्थास वैरी समजून त्याच्याशी झुंजते, असे ते म्हणाले. कोणास अंडे, कोणास मासळी, कोणास फुलांचे पराग, कोणास मांजराचे केस, कोणास मधमाशीचा दंश. बहुतेकांचे खाजेवर वा शिंकांवर भागते. एखाद्याचा घसाच सुजून बंद होतो. मागे थोडक्यात निभावले म्हणून पुढेही निभावेल, असा नियम नाही. आणि मूठभर काय, चिमूटभरही पुरते. “जुनी दप्तरे झाडताना तुम्ही शिंकून बेजार होता ना?” त्यांनी मला विचारले. “ते ह्याच घराण्यातले दुखणे.” माझ्या शिंकेला मात्र आजवर कोणी गर्व म्हटले नव्हते. 

मल्लप्पा बाकावरून उठला. मग म्हणाला, “अर्ज नगं.”

लांबलेले लग्न आषाढापूर्वी उरकले. नवरीचा दुसरा हात मल्लप्पाने भरला, दादाच्याच माळेतल्या बांगड्यांनी. मी ओट्यावर बसलो होतो. नरसम्मा रिकामे ताट घेऊन आली आणि मल्लप्पापासून लांबच उभी राहिली. “काय चालतं, भाऊ, ते तुमीच सांगा.” 

“मला समदं चालतंय, अक्का,” तो म्हणाला. “पर इचारलंत, लई बरं केलंत.”

सबब वाचकांच्या चरणी विनंती की, मयतावरील गर्वाचा आरोप रद्द करावा. तसेच आपल्या दारी कोणी हात जोडून ‘नको’ म्हटल्यास त्यास कारण असते, हे मान्य असल्याबद्दल प्रत्येक घराने उत्तर द्यावे. उत्तर लेखी नको. ताट वाढण्यापूर्वी विचारले म्हणजे पोचले. मी लिंबाखालीच असतो. खालची फांदी अजून रिकामी आहे. पक्षकार तिच्यावर छत्री अडकवू पाहतात, मी अडकवू देत नाही.