सावलीत वाळवायचे दागिने

भुलाबाईचे दागिने भाजायचे नाहीत, हे मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून ठाऊक होतं. भाजलेली माती नदी परत घेत नाही, असं माय म्हणायची. कोजागिरीला भुलाबाईला नखशिखान्त नटवायचं आणि दुसऱ्या दिवशी दागिन्यांसकट पाण्यात सोडायचं, म्हणून सगळे दागिने कच्चे, नुसते हवेवर वाळवलेले. एवढी मेहनत करायची आणि एका संध्याकाळपुरतं मिरवायचं, हे मला मुळीच पटत नसे. पण मला न पटणाऱ्या गोष्टींची यादी तेव्हा बरीच लांब होती आणि ती ऐकायला घरात कोणाला सवड नव्हती.

अमरावतीच्या कडेला आमचा मळा होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाबांधाने शेवंती. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं म्हणे. आम्हा पोरींचं राज्य विहिरीपासून गोठ्यापर्यंत होतं आणि तेवढं पुरत होतं. भादव्याच्या पुनवेला ज्वारीच्या पाच धांड्यांच्या मांडवाखाली मातीचे भुलाबाई आणि भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर, बसले, की महिनाभर रोज संध्याकाळी पोरी घरोघर गाणी म्हणत फिरायच्या आणि झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायच्या. नव्यानं लग्न झालेल्या मुली या महिन्यात माहेरी यायच्याच. न येणाऱ्या मुलीबद्दल बाया हळू आवाजात बोलायच्या.

दागिने करायची माझी ताई. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. पडक्या गढीची पांढरी माती ती पदरातून आणायची, वस्त्रगाळ करायची, त्यात भिजवलेल्या रद्दीचा लगदा, वाटलेली मेथी आणि बाभळीचा डिंक घालायची. शेवटी पिंजलेला कापूस, चिमूट चिमूट, मळत मळत. कापूस नीट मिसळला नाही तर माती तडकते. त्या मातीचा वास मला आजही कुठे मेथी वाटली जात असली की येतो. मण्यांना बाभळीच्या काट्याने भोकं, नक्षीला तिळाचे आणि ज्वारीच्या दाण्यांचे ठसे, रंगाला हळद आणि गेरू, वरून बेगडीचा सोनेरी कागद. ताईची ठुशी पाहून शेजारची एक म्हातारी खरोखर विचारायला आली होती, की कोणत्या सोनाराची?

पुतळ्यांची माळ करताना ती मातीच्या चकतीवर पैसा दाबायची. पैशावर इंग्रज राजाचं मुंडकं. बाबा खादीची टोपी घालणारे, ते म्हणाले, "याले भुलाबाईच्या गयात काहून लटकवून राहिली वं?" ताई म्हणाली, "लटकू द्या ना बाबा. पुनवेनंतर बुडवतोच त्याले." बाबा दिवसभर हसत होते.

आणि सगळ्यात मोठा नियम : सावलीत वाळवायचं. सूपभर दागिने ओसरीच्या कोपऱ्यात चार दिवस ठेवायचे, दिवसातून दोनदा उलटायचे. मला चार दिवस म्हणजे युगं वाटायची. एकदा मी सूप गुपचूप अंगणातल्या उन्हात नेऊन ठेवलं, तर ताईनं माझ्या हातावर अशी चापट मारली की बोटं उमटली. "घाईनं वायवलं का तडकते," ती म्हणाली. ताईनं मला मारलं ते तेवढंच.

वैशाखात तिचं लग्न झालं, अकोल्याला, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात. तिकडेही भाजीपाल्याचंच घर. भादव्याची पुनव झाली, ताई आली नाही. माय रोज म्हणे, आज येईल, उद्या येईल. पितृपक्ष गेला, दसरा तोंडावर आला. भुलाबाईचे दागिने मी करायला बसले. माझी ठुशी म्हणजे हरभऱ्याची उसळ झाली होती. मायनं ती पाहिली, डोळ्याला पदर लावला आणि बाबांना म्हणाली, "जा. कोजागिरीले पोरगी इथं पायजे मले." मीही जाणार म्हणून मी जेवण सोडलं. एका वेळचंच, पण सोडलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकादशीला सकाळी आम्ही बडनेऱ्याहून गाडी धरली. अकोल्याला ताईच्या दारात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बाबा ओट्यावर ताईच्या सासूशी, ताई तिला आत्याबाई म्हणे, बोलत बसले आणि मी धावत आत गेले. ताई मागच्या पडवीत बसली होती. समोर तीन सुपं. तिन्ही सुपांत दागिने! पाटल्या, गोट, ठुश्या, राजाच्या मुंडक्याची माळसुद्धा. तिच्या हातची करामत गल्लीत कळली होती आणि पाच घरच्या भुलाबायांचे दागिने तिच्याकडे आले होते.

मी तिच्या गळ्यात पडले आणि म्हणाले, "चाल, आताच जाऊ."

"हे झाल्याबिगर कशी येऊ?" ती म्हणाली, माझ्या वेणीची गाठ सोडून पुन्हा बांधत. "पाच घरच्या पोरी आस लावून बसल्या."

बाबा बाजारात बियाणं पाहायला निघून गेले. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही म्हणून ते ओळखीच्या माणसाकडे उतरणार होते. मला मात्र ठेवून गेले. ताई पुढे चहा करायला गेली. मी त्या तीन सुपांकडे बघत बसले. माझ्या मनात हिशेब अगदी सरळ होता. दागिने आहेत म्हणून ताई येत नाही. दागिने नसले की येईल. पाण्याची भरलेली कळशी शेजारीच होती. ती मी दोन्ही हातांनी उचलली आणि तिन्ही सुपांवर रिकामी केली.

कच्च्या मातीला जायला वेळ लागत नाही. आधी हळद सुटली, मग ठसे बुजले, मग पाटल्या बसकण मारून खाली बसल्या. तेवढ्यात ताई दारात येऊन उभी राहिली. तिच्यामागून सासू आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "अवो बाई! हे काय झालं वं?"

"माह्याच हातून कळशी कलंडली," ताई म्हणाली.

सासूनं माझ्या ओल्या परकराकडे पाहिलं, ताईच्या कोरड्या हातांकडे पाहिलं. बाई खाष्ट नव्हती, हे मी आज सांगते. त्या दिवशी मात्र ती मला राक्षसीण वाटत होती. "आता काय बाप्पा," ती म्हणाली. "शब्द देल्ला हाय लोकायले. पुन्हा कराव लागन." आणि आत गेली.

ताई माझ्याजवळ बसली. "काहून केलं वं असं?"

"तू यावं म्हून."

तिनं माझा ओला परकर पिळला. मग म्हणाली, "मी येऊनच राहिली होती ना वं. परवा. आत्याबाईनं बाबाले ओट्यावर सांगतलं, दागिने वायले का न्या पोरीले. परवा वायतच होते."

लहान पोरीला कोण काय सांगतो? मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी रडायला लागले, पण रडून चिखलाच्या पाटल्या होत नाहीत. ताईनं तो सगळा चिखल एका परातीत निपटला. न भाजलेल्या मातीचं एवढं एक बरं, ती पुन्हा मळता येते. पण पुन्हा सावलीत चार दिवस म्हणजे थेट कोजागिरीच उजाडणार होती. संध्याकाळपर्यंत तिची मान वर झाली नाही. मी तिळाचे ठसे दाबून देत होते आणि ती एकदाही माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो ताई तिन्ही सुपं उचलून अंगणात निघालेली. तिने ती उन्हात मांडली.

"ताई, उन्हात?" मी म्हणाले.

"चूप बस." तिने एक सूप उन्हात आणखी पुढे सरकवलं.

तेव्हा मला कळलं, तिला किती यायचं होतं. सासरी तिने कोणापुढे तोंड उघडलं नव्हतं, माझ्यापुढेही नाही. पण माझ्या हातावर बोटं उमटवणारी माझी ताई त्या सुपांशेजारी बसून दर घटकेला मणी दाबून बघत होती, झालेत का, झालेत का. मी देवाला हात जोडले. दुपारपर्यंत पाटल्यांना तडे गेले, ठुशीचे मणी फुटले. सासूनं पाहिलं आणि म्हणाली, "अकोल्याच्या उन्हात मानूस तडकते पोरी, माती कायची वाचते?" तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता. तरी शब्द दिला तो दिला. ताई तिसऱ्यांदा माती मळायला बसली. ते दागिने सावलीत वाळून कसेबसे कोजागिरीला तयार होणार होते, म्हणजे ताईची कोजागिरी तिथेच होणार होती.

बाबा ठरल्या दिवशी आले आणि मला एकटीला घेऊन परत निघाले. निघताना ताईनं तडा गेलेली पुतळ्यांची माळ डिंकाने सांधून माझ्या हातात दिली. गाडीत मी ती ओंजळीत धरून बसले होते. घरी पोचलो तेव्हा मायनं आमच्या मागे पाहिलं, ताई दिसली नाही. तिनं माझ्या ओंजळीतली माळ घेतली. खंडित वस्तू देवाला चालत नाही म्हणून फुटकी पणतीसुद्धा बाहेर टाकणारी माझी माय. तिनं ती माळ भुलाबाईच्या गळ्यात घातली आणि पुनवेनंतर तेवढी काढून ठेवली.

भुलाबाईला ताई माहेरी पुन्हा कधी आलीच नाही. पुढच्या वर्षी तिची लेक तान्ही होती, मग सासू आजारी, मग मीच सासरी गेले. कळशीची गोष्ट मी घरात कोणाला सांगितली नाही, आणि तिनेही नाही.

खूप वर्षांनी, मी शाळेत मास्तरीण होऊन निवृत्तही झाले होते, अकोल्याला तिच्याकडे गेले. पडवीत नातीच्या भुलाबाईचे दागिने सुपात वाळत होते. ते पाहून माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, तुझी भुलाबाई माझ्यामुळे हुकली गं."

ती हसली. तिचे दात गेले होते, हात मात्र तसेच होते. "सासरी माह्या हाताची साऱ्यायले गरज होती वं," ती म्हणाली. "मी पायजे म्हून कळशी ओतनारी तू एकटीच."

मी सुपातले मणी उलटायला लागले. ती म्हणाली, "ते सूप सरकव जरा. ऊन आलं त्याच्यावर."