दोन लाल दोरे आणि अप्पांचा खंड्या

गौरावहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मिलच्या हापिसात टाइप करत होतो. वहिनीच्या माहेरून, मंद्रूपहून आलेला माणूस दारात उभा राहिला, पटका काढून हातात घेतला आणि नुसता माझ्याकडं बघत राहिला. मला कळलं... पण बोटं थांबेनात. साहेबाचं पत्र पुरं झालं, सहीची जागासुद्धा बरोबर सोडली, आणि मग पुढं काय करायचं तेच सुचेना. मला सगळं भराभर करायची खोड. वहिनी म्हणायची, "भावजी, तुमी जेवता का टाइप करता?" आता महिना होऊन गेला. लिहायला बसलो की सगळं एकदम बाहेर यायला बघतं, म्हणून एकच दिवस सांगतो. बंगल्यातला.

थांबा, आधी थोडं मागचं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. दादाचा फोटोचा स्टुडिओ, आणि फोटोत रंग भरायचं काम वहिनीचं. कॅमेऱ्याच्या काचेला रंग उलटेच दिसतात. निळं लुगडं पांढरं पडतं, लाल कुंकू काळं येतं. बायका स्टुडिओत येऊन भांडायच्या, "माझं कपाळ काळं का केलंसा?" वहिनी बारीक ब्रश ओठात धरून ओला करायची, एका टिपक्यात कुंकू लाल करून द्यायची आणि म्हणायची, "जावा आता. नवरा वळखंल." हा हात तिला तिच्या वडलांकडून आला होता. अप्पा मंद्रूपचे, देवळाच्या भिंती रंगवायचे. एका गोऱ्या डॉक्टर साहेबानं त्यांचं काम बघितलं आणि पाखरं काढायला ठेवून घेतलं. साहेब पाखरू मारून आणायचा, आणि पिसांची चमक जायच्या आत अप्पांनी ते कागदावर उतरवायचं. वहिनी तेव्हा परकरात होती, रंग घोटून द्यायची. असं वर्षानुवर्षं चाललं. साहेबानं सगळी चित्रं एका मोठ्या आल्बमात लावली. कुठं सही नाही, कुठं नाव नाही. अप्पा वारले तेव्हा घरात त्यांच्या हातचा एक कागदसुद्धा राहिला नव्हता.

वहिनीची शांता पाच वर्षांची. तिनं एकदा विचारलं, "आजोबा काय करायचे?" वहिनी म्हणाली, "पाखरं काढायचे." पोरगी म्हणाली, "मग कुटं हायत?" त्या दिवसापासून वहिनीनं एकच धरलं, की अप्पांचं एक चित्र आपल्या भिंतीवर पाहिजे. अस्सल मिळणार नव्हतं, तर त्याची नक्कल. मी म्हटलं, "मग तूच काढ की नवं. तुला येतंय." तर माझ्यावर भडकली. "मला अप्पांची रेघ पायजे, भावजी. रंग मी भरीन. रेघ मला कोण देणार?"

साहेब वारला, आणि त्याच्या बंगल्यावरच्या बाबूमियाँनं दादाला सांगावा धाडला. बाबूमियाँ म्हणजे तिथं उभी हयात चाकरी केलेला म्हातारा. आल्बम मुंबईला जाणार, तिथून बोटीनं विलायतेला. न्यायला माणूस दुपारच्या गाडीनं येतोय. त्याच्या आत जे करायचं ते करा, पण चोरून. म्हाताऱ्याला अजून विलायतेहून नोकरीचा दाखला यायचा होता, त्यामुळं त्याचा जीव मुठीत. आमचा पण. कारण वहिनीला तोवर खोकला जडलेला होता आणि आमच्या डॉक्टरनं घराबाहेर पडायची मनाई केली होती. दादा म्हणाला, "तू हितंच थांब. रंग मी लक्षात ठेवतो." वहिनी टांग्यात जाऊन बसलीसुद्धा. तिथनंच म्हणाली, "परवा तुमी माझी हिरवी चोळी निळी म्हणत होता."

बंगल्याच्या व्हरांड्यात उजेड चांगला होता. आल्बम भिंतीला टेकवला, दादानं स्टँड लावला, डोक्यावर काळं फडकं घेतलं. आणि बाबूमियाँचे नियम सुरू. "हात नक्को लगाव मास्टर. पानी नक्को, रंग नक्को. एक बूंद पडा तो मेरा दाना-पानी गया." वहिनीची रंगाची पेटी त्यानं उचलून टांग्यात नेऊन ठेवली! मला वाटलं, संपलं सगळं. तर वहिनीनं पदराखालून एक जुडगा काढला. रंगाऱ्यांकडून मागून आणलेले सुताचे तुकडे, प्रत्येक रंगाच्या दहा दहा छटा. म्हणाली, "दोरा तर सांडत न्हाय की, चाचा?" म्हातारा बघतच राहिला. मग हसला. तेवढंच एकदा हसला.

फोटो घ्यायच्या काचा चारच होत्या. दादाला माळढोक पाहिजे होता. तो राजासारखा उभा पक्षी, त्याचे फोटो गिऱ्हाइकं घेतात. पहिली काच माळढोकाला, दुसरीपण माळढोकालाच, कारण पहिल्या वेळेला स्टँड हलला होता. तिसरी तो मोराला लावणार, तेवढ्यात वहिनी म्हणाली, "आता खंड्या." दादा फडक्यातनंच ओरडला, "गौरा, खंड्याला कोण इचारतंय?" वहिनीनं पानं उलटायला लावली. तो आला. तपकिरी डोकं, पांढरा गळा, पाठ अशी निळी की डोळे दिपावेत, लाल लांब चोच. बसला होता एका काळ्या दगडावर. ती हळू म्हणाली, "हा आमच्या दारातला दगड हाय. विहिरीत पडला होता खंड्या, मी पोहऱ्यानं काढला. अप्पांनी त्याला हितं ठेवून काढलं... अहो, माळढोक तुमचा. हा माझा." दादानं भिंग खंड्यावर रोखलं.

आणि नेमका तेव्हा तिला खोकला आला. साधा नव्हे, आत ओढून नेणारा. बाबूमियाँ धावत आला, आल्बमसमोर हात पसरून उभा राहिला. "बाई को बाहर लेजाव! किताब पे दाग पडेगा!" त्याची भीती खरी होती, पदरावर रक्ताचा ठिपका मी पण बघितला होता. दादा फडकं टाकून आला. "चल, घरी चल. साकु." आमच्या घरात शेवटचं बोलायचं झालं की कानडीत बोलतात, साकु म्हणजे पुरे. वहिनी मात्र व्हरांड्याच्या पायऱ्या उतरली आणि खाली अंगणात जाऊन उभी राहिली. तोंडावर पदर. "तुमी काच लावा. भावजी, तुमी दोरे धरा."

मग मी एक एक दोरा चित्राजवळ नेत होतो, न टेकवता, आणि ती अंगणातनं डोळे बारीक करून बघत होती. "ही न्हाय. गर्द... अजून गर्द. तिच्या खालची. व्हय! गाठ मारा." पाठीला एक गाठ, पंखाला दोन, डोक्याला तीन. मी सवयीनं भराभर दोरे बदलत होतो. "भावजी, टाइप करू नका, दोरा धरा!" खोकत खोकत हसवत होती बघा. मधे एकदा दादानं मला बाजूला करून भिंगाचं टोपण काढलं, मोजून परत लावलं. बाबूमियाँ फाटकाकडं बघत होता. पोटाचा तपकिरी झाला. पायाचा लाल झाला. चोच राहिली. चोचीचा लाल वेगळा होता. माझ्या हातात दोन दोरे उरले होते, एक कुंकवासारखा, दुसरा डाळिंबाच्या दाण्यासारखा. "पयला दावा... आता दुसरा... परत पयला." आणि फाटकाशी मोटारीचा भोंगा वाजला.

बाबूमियाँनं आल्बम मिटला. मी ओरडलो, "वहिनी, कुठला?" ती मिटलेल्या पुठ्ठ्याकडं बघत राहिली. आम्ही मागल्या दारानं निघालो, मी काचांची पेटी छातीशी धरून. चौथी काच तशीच कोरी राहिली.

काचा धुऊन कागदावर छापल्या तर दोन्ही माळढोक हललेले निघाले. खंड्या तेवढा सुईसारखा स्वच्छ, दगडावरची भेगसुद्धा. पण भुतासारखा, पाठ पांढरी, डोकं काळं, चोच काळी. वहिनीनं दोऱ्यांवर बघून रंग भरला. एका बैठकीला एकच पीस, कारण तेवढाच दम टिकायचा. निळा चढला तेव्हा दादा स्टुडिओतनं उठून आला, मागं उभा राहिला आणि परत गेला. चोचीपाशी ती थांबली. मी रोज डोकं खायचो, "एक लाव की! बोट कधीच निघून गेली, कोण बघायला येतंय?" ती म्हणायची, "मी बघतीय न्हवं." तिला हवापालटाला मंद्रूपला नेलं, तेव्हा निघताना मी परत विचारलं. गाडीत आडवी पडूनच म्हणाली, "दारातल्या दगडापाशी बसून आठवतं का बघते. आठवलं की सांगते, भावजी."

निरोप आला तो दुसराच.

चित्र आता आमच्या बैठकीच्या भिंतीवर आहे. खिळ्याला ते दोन्ही लाल दोरे लोंबतात. गिऱ्हाइकाच्या गालावरचा तीळसुद्धा दुरुस्त केल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, तो दादा रोज सकाळी चित्राची काच पुसतो, दोरे सरळ करतो आणि स्टुडिओत जातो. आलेला माणूस बघतो, म्हणतो, "असा काळ्या चोचीचा खंड्या कुठला हो?" शांता जिथं असेल तिथनं धावत येते, खिळ्याखाली उभी राहते आणि बोट वर करून सांगते, "आमच्या आजोबांनी काढलाय. आईनं रंगवलाय. चोच बाकी हाय."